उलटा भोवरा

मंगळवारच्या मंडळात चेकरमावशीला सगळे घाबरून असायचे, आणि मावशीला ते मनापासून आवडायचं. खोटं कशाला बोला!

मंडळ म्हणजे तरी काय, टपाल कचेरीच्या वरची एक लांबट खोली. दोन टेबलं, अकरा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, खिडकीशी शिलाई मशीन आणि दार कधीच नीट न लागणारं लोखंडी कपाट. दर मंगळवारी दुपारी दोनला तिथे आठ-दहा बायका आणि एक पुरुष जमायचे आणि मोठ्या इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी विणायचे, शिवायचे. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढ्या डोक्यांची बाळं. कित्येकांच्या आया नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी इस्पितळात आलेल्या असायच्या. त्यांच्यासाठी टोपडी, मोजे, हातमोजे, झबली, दुपटी, जे लागेल ते मंडळातून जायचं. मंडळ चालवायच्या मोठ्या बाई. पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी समोरच्याची हजेरी घेतल्यासारख्या बोलायच्या. एकुलता एक पुरुष म्हणजे शिंपीदादा. दुकान मुलाच्या हवाली केलं, घरात बसवेना, म्हणून इकडे आले आणि दुपट्यांच्या कडा शिवता शिवता सगळ्यांच्या खोड्या काढत बसले.

चेकरमावशी स्वेटरच्या कारखान्यात एकतीस वर्षं चेकर होती. तयार झालेला प्रत्येक स्वेटर तिच्या टेबलावर यायचा. ती तो उलटा करायची, उजेडावर धरायची, शिवणींवरून बोट फिरवायची आणि खोट काढायची. खोट निघाली की तिथे लाल दोऱ्याची गाठ, आणि माल परत. "सुलटी बाजू कोणीही बघेल. मला पगार उलट्या बाजूचा आहे," असं ती म्हणायची. तिचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण तो असताना पाहुण्यांना सांगायचा, "हिने मलासुद्धा आधी उलटा करून पाहिला आणि मग होकार दिला." ती म्हणायची, "तरी एक गाठ मारायची राहूनच गेली."

मंडळातही तेच काम तिच्याकडे आलं. आलं कसलं, तिने पहिल्याच मंगळवारी ओढून घेतलं. टोपडं असेल तर ते आधी लिंबावर नाहीतर संत्र्यावर चढवून बघायचं, कारण बाळांची डोकी तेवढीच. हातमोजा आपल्या अंगठ्यावर बेताचा बसला पाहिजे. मग उलटं करायचं आणि आतून बोट फिरवायचं. आत धाग्याचं एक टोक जरी मोकळं सापडलं तरी लाल गाठ. "अहो मावशी, एवढासा तर धागा आहे," असं कोणी म्हटलं की ती चष्म्यावरून बघायची. "बाळाचं बोट केवढं असतं, पाहिलंस का? काडेपेटीतल्या काडीएवढं. त्याला हा एवढासा धागा दोरखंडासारखा. अडकला, गुंडाळला गेला, तर ते सांगणार कसं? रडणार. आणि रडतंय म्हणून आपण त्याला दूध पाजणार!" मग कोणाची पुढे बोलायची टाप नसायची. शिंपीदादा तेवढे पुटपुटायचे, "बायांनो, उसवा आता. लागला लाल."

आता एक गोष्ट सांगायला हवी. मावशी सगळ्यांचं तपासायची, पण तिचं स्वतःचं विणकाम कोणी तपासत नव्हतं. कोण तपासणार? कोणाची छाती होती? आणि तीही स्वतःचं उलटं करून बघत नसे. साठ वर्षं सुया हातात असलेल्या बाईने आपलं काम उलटं करून बघायचं म्हणजे आपल्याच जिभेची चव घेऊन बघण्यासारखं, असं तिला वाटायचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे तिच्या लेकीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. लेक फोनवर दर आठवड्याला तेच दळण दळायची. "आई, ऑपरेशन करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे." "कशाला? माझी बोटं बघतात," मावशी म्हणायची. आणि खरंच, दुसऱ्यांची टोपडी ती बोटांनीच तपासत होती. चष्मा नुसता वचक बसवायला.

आठ महिन्यांपूर्वी मंडळात एक नवी मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, बारीक, मान खाली घालून बोलणारी. सगळे तिला नवीच म्हणायला लागले आणि ते नावच पडलं. नवीला विणकाम यथातथाच येत होतं. मावशीने तिच्या पहिल्या अकरा वस्तूंना लाल गाठ मारली. दुसरी एखादी रडून घरी बसली असती, पण ही निमूटपणे उसवायची आणि पुन्हा विणायची. बाराव्या वेळी मोज्याची जोडी मावशीच्या हातून पार झाली, तेव्हा शिंपीदादांनी मशीनवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या आणि नवी पहिल्यांदा हसली. त्यानंतर मावशीचा चहा नवीच आणून द्यायला लागली, दीड चमचा साखर, न विचारता. मावशीलाही कसं कोण जाणे, ती जवळची वाटायला लागली. "ए नवी, इकडे बस, तिथे उजेड नाही," असं म्हणून ती तिला आपल्या बाजूला बसवायची. खरं तर उजेड मावशीला हवा असायचा आणि सुईत दोरा ओवायला नवी.

एका मंगळवारी सगळे गेले तरी नवी रेंगाळली. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मावशीच्या पुढ्यात ठेवलं. तळहाताएवढा स्वेटर. फिकट निळा.

"माझ्या लेकीचा," नवी म्हणाली. "दोन महिने आधी झाली. आपले कपडे जातात त्याच नवजात कक्षात नऊ दिवस होती. तिथल्या सिस्टरने मला विणायला शिकवलं, बाहेरच्या बाकावर बसून, म्हणजे हात तरी रिकामे राहणार नाहीत म्हणून. सातव्या दिवशी पुरा झाला. दोन दिवस तिच्या अंगात होता." स्वेटरची बाही सारखी करत म्हणाली, "फोटो नाही काढला कोणी. उद्या काढू, उद्या काढू म्हणत राहिलो. हा एवढाच आहे."

मावशीने स्वेटर हातात घेतला. आणि सवय मेली जात नाही हो, तिने तो उलटा केला. बोट फिरलं. चार ओळी सुलट-उलट, मग साधी वीण, बाह्या वेगळ्या विणून जोडलेल्या. डाव्या काखेत बोट थांबलं. तिथे एक टाका सुटला होता आणि खालच्या ओळीत भोक पडलं होतं. मावशीने तोंड उघडलं. मग मिटलं. स्वेटर सुलटा केला, घडी घातली आणि म्हणाली, "चांगला आहे. छान आहे गं." एकतीस आणि वर कितीतरी वर्षांत खोट दिसूनही मावशी बोलली नाही, असं हे पहिल्यांदाच झालं. नवीने तिच्याकडे बघितलं, स्वेटर रुमालात गुंडाळला आणि दोघी जिना उतरून आपापल्या वाटेने गेल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी इस्पितळातून हातमोज्यांची मागणी आली. बाळं नखांनी स्वतःचेच गाल ओरबाडतात, म्हणून हातमोजे हवे होते, बारा जोड. पिवळी लोकर शिल्लक होती, ती मोठ्या बाईंनी नवीला दिली. नवीने अकरा जोड विणले, बाराव्याला लोकर पुरणार नाही असं तिला वाटलं आणि उरलेला लहानसा गुंडा कपाटात ठेवायला मावशीकडे दिला. मावशीने तो कपाटात न ठेवता आपल्या पिशवीत टाकला. बारावी जोडी तिने सोमवारी संध्याकाळी घरी टीव्हीसमोर बसून विणून टाकली. एका जोडीचं काय कौतुक, म्हणून कोणाला सांगितलंही नाही. मंगळवारी नवीच्या अकरा जोड्या एकेक करून उलट्या केल्या, आतून बोट फिरवलं, एकीलाही लाल गाठ लागली नाही. आपली बारावी जोडी तशीच वर ठेवली आणि गठ्ठा बांधला. मोठ्या बाईंनी त्यावर चिठ्ठी लावली, कारण त्यांना चिठ्ठ्या लावल्याशिवाय चैन पडत नसे: पिवळे हातमोजे, बारा जोड, विणणार नवी, तपासणार चेकरमावशी.

तीन आठवड्यांनी मंगळवारी अडीचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली आणि दारात कक्षातली सिस्टर उभी राहिली. तिला फोनवर सगळे ओळखत होते, पण ती कधी वर आली नव्हती. "या, या, चहा घ्या," मोठ्या बाई उठल्या. सिस्टर बसली नाही. तिने एक पाकीट काढलं आणि त्यातून पिवळा हातमोजा टेबलावर ठेवला. तो कात्रीने एका बाजूने कापलेला होता.

"दोष द्यायला आले नाही," ती म्हणाली. "तुम्ही किती करता ते मी रोज बघते. पण सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. अकरा दिवसांचा मुलगा आहे. आतला एक धागा करंगळीला गुंडाळला गेला. तो रडत होता. आम्हाला वाटलं भूक, आम्हाला वाटलं पोट दुखतंय. वजन करताना हातमोजा काढला तेव्हा कळलं. दीड दिवस झाला होता." तिने रिकाम्या पाकिटाची घडी घातली. "करंगळी जांभळी पडली आहे. टोक राहील की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत."

शिंपीदादांचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. मोठ्या बाईंनी यादीची वही उघडली, पान उलटलं, आणि "पिवळे..." एवढं म्हणून गप्प झाल्या. पण तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा जिकडे जायच्या तिकडे गेल्याच होत्या.

"माझे आहेत," नवी म्हणाली. ती उभी राहिली होती. "पिवळे माझेच होते."

"अगं, पण मावशीने तपासले होते," शिंपीदादा म्हणाले. त्यांचा सूर चांगला होता, तिला आधार द्यायचा होता. "मावशी, तुमच्या हातून कसं सुटलं हो?"

मावशीने हातमोजा उचलला. बघण्यासाठी नाही, हातांना काहीतरी हवं म्हणून. आणि तिच्या अंगठ्याने शेंड्यावरून सहज एक फेरी मारली. हातमोज्याच्या शेंड्याला टाके कमी करत नेतात, तिथे एक भोवरा पडतो, डोक्यावरच्या केसांत पडतो तसा. उजव्या हाताने विणणाऱ्या बाईचा भोवरा एका दिशेने फिरतो. डावखुऱ्या बाईचा उलट्या दिशेने. मंडळात डावखुरी एकच होती.

भोवरा उलटा होता.

तो हातमोजा आपला आहे हे मावशीला जेवढं स्वच्छ कळलं, तेवढं हल्ली तिला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. आताच सांगायला हवं, हेही त्याच क्षणी कळलं. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, बाकी काही नाही. पण एकतीस वर्षं चेकर असलेली, जिच्या नावाने बायका चळाचळा कापत होत्या, ती म्हणाली, "सुटलं खरं." बस, एवढंच. आणि हातमोजा आपल्या पिशवीत टाकला.

सिस्टर जाताना म्हणाली, "टोपडी पाठवा, मोजे पाठवा. हातमोजे आता नकोत." ती गेल्यावर नवीने सुया गुंडाळल्या, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन वळली. मावशीला वाटलं, ही आता आपल्याला काहीतरी विचारेल. तिने काही विचारलं नाही. "तुमचा चहा झाकून ठेवलाय," म्हणाली आणि गेली.

पुढच्या मंगळवारी नवी आली नाही. खोलीत त्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही, पण कुजबुज होती. एकजण म्हणाली, "बिचारीचं मन थाऱ्यावर नसतं, होतं असं." दुसरी म्हणाली, "पण बाळांच्या जिवाशी खेळ आहे हा." मावशी मूग गिळून बसली होती. तिच्यापुढे टोपड्यांचा ढीग होता आणि ती एकेक उलटं करून बघत होती, आणि त्या दिवशी तिने कशालाच लाल गाठ मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

निघताना तिने मोठ्या बाईंकडून नवीचा पत्ता लिहून घेतला. बुधवारी सकाळी बसने गेली. दोन थांबे आधीच उतरली, पाटी दिसली नाही म्हणून. विचारत विचारत इमारत सापडली. तिसरा मजला. मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी राहिली. तिथे कठड्याला एक सायकल कुलूप लावून ठेवली होती. काय बोलायचं ते तिने बसमध्ये घोकून ठेवलं होतं. पण पायरीवर पाय ठेवला आणि तिला दिसलं, आपण हे सांगितलं की त्या तपासणीच्या टेबलाशेजारची खुर्ची गेली. मग मंगळवारी घरीच बसायचं. मग सगळेच मंगळवार घरी. लेक म्हणणार, मी सांगत नव्हते का? मावशीने स्वतःची समजूत घातली. ती कदाचित घरी नसेल. एवढ्यात तिचं मन निवळेलही. आधी बोटाचं काय होतं ते कळू दे, बोट वाचलं तर हा विषयच मिटला. असं सगळं स्वतःला सांगून मावशी वळली आणि बसथांब्यावर येऊन बसली. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, बघा.

बोट वाचलं. टोक गेलं. नखापर्यंतचं. शनिवारी मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मावशी स्वयंपाकघरात उभी होती. फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला धरून ती रडली. आवाज न करता रडायची तिला सवय होती, पण त्या दिवशी आवाज झाला. त्या मुलाच्या बोटासाठी रडली, स्वतःसाठी रडली, आणि नवीने "माझे आहेत" म्हटलं ते आठवून सगळ्यात जास्त रडली.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी खोलीत जाऊन बसली. सगळे आल्यावर तिने पिशवीतून कापलेला हातमोजा काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याला लाल दोऱ्याची गाठ मारलेली होती.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "नवीने अकरा जोड विणले होते. बारावा मी विणला, घरी. उलटा करून बघितला नाही. शेंड्याला हात लावून बघा, भोवरा उलटा आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. दोन आठवडे गप्प बसले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तेही लपवलं. आता बोला काय बोलायचं ते."

तिला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मावशी, वयाप्रमाणे होतं हो," त्या म्हणाल्या. एकजण उठून पाणी घेऊन आली. कोणी म्हणालं, "मुद्दाम थोडंच केलंत?" त्यांचा तो गोडवा मावशीला बोचायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकटे शिंपीदादा खाली मान घालून म्हणाले, "त्या पोरीला आधी सांगा, मावशी. आम्हाला काय सांगता?"

"तिकडेच निघाले आहे," मावशी म्हणाली. चेकरची लहान कात्री आणि लाल दोऱ्याचं रीळ तिने मोठ्या बाईंच्या हातात दिलं. जिना उतरताना मात्र तिला हलकं वाटत होतं. जीव भांड्यात पडल्यासारखा. आता नवीला सांगायचं, तिचे पाय धरायला लागले तरी धरायचे, आणि पुढच्या मंगळवारी तिला हाताला धरून परत आणायचं. तपासणीचं टेबल तिलाच द्यायचं. बोटं चांगली आहेत तिची. बसमध्ये मावशी असले बेत करत बसली होती.

दार नवीनेच उघडलं. घर नीटनेटकं होतं, एक खोली आणि आत स्वयंपाकघर. नवरा कामावर गेला होता. मावशी बसलीही नाही. उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं आणि हातमोजा नवीच्या हातात दिला. "अंगठा फिरव. शेंड्यावर. तुझा भोवरा असा जातो का?"

नवीने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग ती पलंगाच्या कडेवर बसली.

"माझा नाही," ती म्हणाली.

"नाही गं बाई. तुझा नाही. तुझे अकराच्या अकरा चोख होते. मी स्वतः बघितले होते."

"मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी आहे." नवी हातमोज्याकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, मी ज्याला विणून घालते त्याचं असं होतं. आधी ती. मग हा मुलगा. सिस्टरकडे गेले होते मी शुक्रवारी, बोटाचं विचारायला. ती म्हणाली, टोक गेलं. घरी आले, आणि..."

ती उठली, कपाट उघडलं आणि तोच रुमाल घेऊन आली. मावशीच्या हातात दिला. आत स्वेटर नव्हता. फिकट निळ्या लोकरीचा गुंडा होता, लिंबाएवढा. उसवलेली लोकर कशी असते, बारीक बारीक वळणांची, टाक्यांची घरं अजून अंगावर असलेली, तशी.

"मला ते घरात नको झालं होतं," नवी म्हणाली. "माझ्या हातचं काही घरात नको झालं होतं."

खोलीतली खुर्ची मावशीला कशीबशी सापडली. गुंडा मांडीवर धरून ती बसली. मग तिने विचारलं, जे विचारायला तिला नको होतं, पण माहीत करून घेतल्याशिवाय राहवेना. "शुक्रवारी उसवलास?"

"हो. शुक्रवारी संध्याकाळी."

आता मावशी गप्प बसली असती तरी चाललं असतं. कोणाला कधी कळलं नसतं. पण गप्प बसून काय होतं ते तिच्या मांडीवर पडलं होतं.

"मी बुधवारी आले होते," ती म्हणाली. "हेच सांगायला. खाली पायरीशी उभी होते, ती सायकल आहे ना, तिथे. वर आले नाही. परत गेले."

नवीने मान वर केली. किती तरी वेळ ती मावशीकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर मावशीला सोसलं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसती मोजत होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"पुन्हा विणता येईल, असं म्हणू नका," शेवटी ती म्हणाली.

"नाही म्हणत." मावशीने मान हलवली. "ते तिने घातलं होतं. हे घातलेलं नसेल."

स्वयंपाकघरात कुठेतरी नळ ठिबकत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी हाक मारली. मावशी उठायला लागली. थांबायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटलं. तेवढ्यात नवी म्हणाली, "बसा."

मावशी बसली.

"तुम्ही तो हातात घेतला होता. उलटासुद्धा केला होता. माझ्यानंतर तो नीट कोणी बघितला असेल तर तुम्हीच." नवी म्हणाली. "मला आता आठवेना झालंय. शुक्रवारपासून प्रयत्न करते, गळ्याकडे किती ओळी होत्या तेसुद्धा आठवत नाही. तुम्हाला आठवतं?"

मावशीला आठवत होतं. हातांना सगळं आठवत होतं. तिने गुंडा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात समोर धरले, त्यांच्यात तळहाताएवढं काहीतरी असल्यासारखे. "खाली चार ओळी सुलट-उलट," तिने सुरुवात केली. "टाके बत्तीस. मग साधी वीण, सतरा ओळी. एक ओळ थोडी घट्ट आहे, तेव्हा तू घाईत असशील, नाहीतर रडत असशील. गळ्याकडे तीन ओळी. बाह्या वेगळ्या विणलेल्या, डावी एका ओळीने मोठी." नवीने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते, मावशी सांगेल ते ती मनात पुन्हा म्हणत होती. "उजव्या काखेतली शिवण सरळ. आतून गाठ नाही, टोकं नीट आत घेतलेली. डाव्या काखेत..."

मावशी थांबली.

"तिथे टाका सुटला होता," नवी डोळे न उघडता म्हणाली. "मला माहीत होतं. तुम्हालाही सापडला होता, तुमचं बोट थांबलं होतं तिथे. तुम्ही बोलला नाहीत. त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं, मावशी." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता सांगा. काही सोडू नका."

मग मावशीने तेही सांगितलं. काखेपासून तिसऱ्या ओळीत, बाहीच्या बाजूला, एक टाका.